पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर होडी नेण्यापूर्वी : नवख्यांसाठी मार्गदर्शन

पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला जलाशय दिसायला एखाद्या मोठ्या तळ्यासारखाच असतो, त्यामुळे पहिल्यांदा होडी घेऊन येणाऱ्याला तिथले नियम विनाकारण कडक वाटतात. पोहायला बंदी, पेट्रोलच्या इंजिनाला बंदी, कुत्र्याला बंदी, इतकेच काय पण ओली होडी पाण्यात उतरवायलाही बंदी. या सगळ्या नियमांमागे मात्र एकच प्रश्न असतो : होडीतून जे काही पाण्यात जाईल ते पुढे कुठे पोहोचेल, आणि वाटेत त्याला अडवणारे काही आहे का? हा प्रश्न मनात पक्का बसला की नियम पाठ करण्याची वेळ येत नाही, आणि फलकावर न लिहिलेल्या प्रसंगीही काय करावे हे आपोआप सुचते.

शुद्धीकरण केंद्र असताना एवढी काळजी कशासाठी, अशी शंका हमखास निघते. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी पसरला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज बांधला गेला. तिथले पाणी मिशिगन सरोवरातून येत होते आणि त्यावर केंद्रात रीतसर प्रक्रियाही होत होती. या परजीवीची बीजकोषासारखी अवस्था जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, तिचे कवच क्लोरिनच्या नेहमीच्या मात्रेला दाद देत नाही, आणि ती माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतून पाण्यात येते. पोहण्यावरची बंदी ही मुख्यतः यासाठी आहे. शिवाय न्यूयॉर्कला कॅट्सकिल आणि डेलावेअर खोऱ्यांतून येणारे किंवा बॉस्टन परिसराला क्वाबिन जलाशयातून येणारे पाणी गाळले जात नाही, ते फक्त निर्जंतुक करून पुरवले जाते. अशा ठिकाणी जलाशय स्वच्छ राखणे हाच शुद्धीकरणाचा सर्वांत मोठा भाग ठरतो.

पहिली पायरी : जलाशय कोणत्या प्रकारचा आहे ते पाहणे

होडी विकत घेण्याआधी, निदान ती गाडीवर चढवण्याआधी, त्या जलाशयाची देखभाल करणाऱ्या यंत्रणेची चालू वर्षाची नियमावली वाचावी. गेल्या वर्षीची किंवा एखाद्या मित्राने सांगितलेली माहिती पुरेशी नसते, कारण पाण्याची पातळी, शेवाळाचा प्रादुर्भाव किंवा धरणाची दुरुस्ती यांनुसार नियम मोसमागणिक बदलतात. ढोबळ मानाने काही जलाशयांवर होडीला पूर्ण मज्जाव असतो, काहींवर ठरावीक भागात आणि ठरावीक प्रकारच्या होड्यांनाच मुभा असते, आणि काही बऱ्यापैकी खुले असतात.

हा फरक मनमानी नसतो. क्वाबिन आणि वॉचुसेट हे दोन्ही जलाशय बॉस्टन परिसराच्याच पाणीपुरवठ्याचे आहेत. तरीही क्वाबिनच्या नेमून दिलेल्या भागात मासेमारीच्या होड्या चालतात आणि वॉचुसेटवर एकही होडी चालत नाही. क्वाबिनचे पाणी आधी वॉचुसेटमध्ये येते आणि तिथून पुढे शहराकडे जाते. म्हणजे क्वाबिनमध्ये काही मिसळलेच तर ते विरळ व्हायला, तळाशी बसायला वेळ आणि अंतर दोन्ही मिळते, तर वॉचुसेट हा शेवटचा टप्पा आहे. आपण जिथे होडी चालवणार तिथून पाणी उचलण्याची जागा किती दूर आहे, हे एवढ्यावरून नियमांची तीव्रता बरीचशी ओळखता येते.

नियम सैल होण्याचीही एक वाट असते. न्यूयॉर्कच्या जलाशयांवर मासेमारीसाठी वल्ह्यांच्या होड्यांना पूर्वीपासून परवानगी होती, पण केवळ विहारासाठी कयाक किंवा कनू (वल्हवायच्या अरुंद, हलक्या होड्या) नेता येत नसे. २००९ मध्ये कॅनन्सविल जलाशयावर तसा प्रयोग सुरू झाला, तो नीट पार पडला, आणि २०१२ मध्ये पेपॅक्टन, नेव्हरसिंक आणि स्कोहारी या आणखी तीन जलाशयांवर ती मुभा मिळाली. लोकांनी नियम पाळले म्हणून पुढचे दार उघडले, ही गोष्ट नवख्याने आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे.

नियमावली वाचताना काही बाबी वेगळ्या टिपून घ्याव्यात : परवाना माणसाचा आहे की होडीचा, मासेमारीचा परवाना त्यातच येतो की वेगळा काढावा लागतो, होडीवर लावायचा क्रमांक किंवा बिल्ला कुठून मिळतो, पाण्यावर राहण्याच्या वेळा कोणत्या, होडी कोणत्या धक्क्यावरून उतरवायची, आणि हवा भरून फुगवण्याच्या होड्या चालतात का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेक ठिकाणी नकारार्थी असते आणि लोकांना ते काठावर पोहोचल्यावर कळते.

दुसरी पायरी : होडीची निवड

नवख्याने पहिल्या मोसमात इंजिनाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वल्ह्यांची रुंद बुडाची होडी किंवा स्थिर बांधणीची कयाक घ्यावी. वल्हवत गेल्याने आपण किती अंतर आलो आणि परतायला किती दम लागेल याचा अंदाज शरीरालाच येतो. इंजिन हा अंदाज येऊ देत नाही आणि नेमके दूर गेल्यावर बंद पडते.

इंजिनाला परवानगी असेल तर ते कोणते चालते हे बारकाईने पाहावे. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात इंधनाचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग न जळताच पाण्यात जातो, म्हणून पिण्याच्या पाण्यावर त्यांना बहुतेक ठिकाणी मनाई असते. पेट्रोलचे घटक फार थोडे असले तरी पाण्याला वास आणि चव आणतात. एकेकाळी पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा एमटीबीई हा पदार्थ लिटरमागे २० ते ४० मायक्रोग्रॅम इतका असला तरी पाण्याची चव बिघडते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९७ च्या सूचनापत्रात नमूद केले होते. फोर-स्ट्रोक इंजिन त्या मानाने स्वच्छ असते आणि बॅटरीवरची मोटर सर्वांत बरी. बॅटरी मात्र झाकणाच्या पेटीत ठेवून पट्ट्याने होडीला घट्ट बांधावी, म्हणजे होडी उलटली तरी ती तळाशी जाणार नाही.

इंधन भरायचे असेल तर टाकी होडीतून उतरवून, काठापासून लांब, पक्क्या जमिनीवर भरावी. ती काठोकाठ भरू नये, कारण उन्हात इंधन प्रसरण पावते आणि झाकणाच्या फटीतून झिरपते.

तिसरी पायरी : होडी धुणे, निथळणे, सुकवणे

बहुतेक नवखे ही पायरी उरकून टाकतात, आणि जलाशयाचे कायमचे नुकसान होण्याचा सर्वांत मोठा धोका इथेच असतो. सांडलेले तेल पुसता येते, कचरा उचलता येतो, पण बाहेरून आलेला जीव एकदा पाण्यात रुजला की तो काढून टाकणे जवळजवळ अशक्य असते.

काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला झेब्रा शिंपला १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांच्या टापूत आढळला. वर्षभराने, १९८९ मध्ये, मिशिगन राज्यातल्या मन्रो शहरासाठी सरोवरातून पाणी उचलणाऱ्या नळावर या शिंपल्यांचे थर चढून तिथला पुरवठा खंडित झाला. त्याचा भाऊबंद असलेला क्वाग्गा शिंपला जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या लेक मीड जलाशयात सापडला, तोही मूळ ठिकाणापासून हजारो किलोमीटरवर. एवढा पल्ला हे शिंपले स्वतःहून गाठत नाहीत. ते ट्रेलरवरच्या होडीला चिकटून, किंवा होडीच्या बुडात साचलेल्या ओंजळभर पाण्यातून प्रवास करतात. त्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही ती असू शकतात. वनस्पतींचेही तसेच आहे. जलपर्णीचा किंवा पाणवनस्पतीचा एखादा तुकडा ट्रेलरच्या चाकाला अडकून आला, तरी अनुकूल हवामानात नव्या जलाशयात त्याची जाळी होऊ शकते.

म्हणून होडी पाण्याबाहेर काढल्यावर सपाट पण किंचित उतार असलेल्या जागेवर घ्यावी आणि बुडाचे बूच काढून सगळे पाणी निथळू द्यावे. इंजिनाच्या थंडाव्यासाठी आत घेतलेले पाणी, मासे ठेवायच्या टाकीतले पाणी, बसण्याच्या फळ्यांखालच्या पोकळीतले पाणी, सगळे रिकामे करावे. त्यानंतर होडीची नाळ (पुढचे टोक), बूड, सुकाणू, वल्ह्यांची पाती, नांगराची दोरी आणि ट्रेलरच्या पट्ट्या हातात धरून तपासाव्यात. नुसत्या नजरेवर विसंबू नये. बुडावरून बोटे सावकाश फिरवावीत. गुळगुळीत असायला हवा तो पृष्ठभाग सॅंडपेपरसारखा खरखरीत लागला, तर तिथे कोवळे शिंपले बसलेले असू शकतात. ते नखाने खरवडून पाण्यात ढकलू नयेत. होडी तशीच ठेवून कर्मचाऱ्यांना दाखवावी.

त्यानंतर होडी गरम पाण्याने धुवावी. पृष्ठभागाला सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी लागले की शिंपले मरतात, म्हणून अनेक जलाशयांवर वाफेने धुण्याची सोय असते किंवा सक्ती असते. गरम पाणी मिळत नसेल तर साध्या पाण्याने धुऊन होडी पूर्ण कोरडी करावी. इथे कोरडी म्हणजे स्पर्शाला कोरडी इतकाच अर्थ घेऊ नये. दमट आणि थंड हवेत मोठा शिंपला पाण्याबाहेर कित्येक दिवस तग धरतो, म्हणून यंत्रणेने सांगितलेला सुकवण्याचा कालावधी पूर्ण पाळावा. दोरी, स्पंज, लाइफ जॅकेट आणि पाण्यात वापरायचे बूट या वस्तू सर्वांत उशिरा सुकतात आणि सर्वांत जास्त विसरल्या जातात.

काही ठिकाणी तपासणीनंतर होडी आणि ट्रेलर यांना जोडून एक मोहोर लावतात. ती अखंड असेल तरच पुढच्या वेळी होडी थेट पाण्यात उतरवता येते. मधल्या काळात दुसऱ्या पाण्यात जायचे झाले तर मोहोर तुटते आणि धुण्या-सुकवण्याचे सगळे चक्र पुन्हा करावे लागते. एकाच जलाशयावर जाणाऱ्याने तिथेच होडी ठेवण्याची सोय आहे का ते पाहावे, कारण बाहेर न जाणारी होडी हा सर्वांत निर्धोक पर्याय आहे.

चौथी पायरी : लाइफ जॅकेट आणि सोबतचे सामान

लाइफ जॅकेट होडीत असणे पुरत नाही, ते अंगात हवे. अमेरिकी तटरक्षक दलाच्या वार्षिक नोंदींमध्ये, होडीच्या अपघातात बुडून मरण पावलेल्या आणि जॅकेटची नोंद झालेल्या माणसांपैकी पाचांतल्या चारांहून अधिक जणांनी जॅकेट घातलेले नव्हते, असे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. पाण्यात पडल्यावर ते अंगात चढवणे बहुतेकांना जमत नाही.

आंतरराष्ट्रीय मानकांत जॅकेटची तरंगण्याची ताकद न्यूटन या बलाच्या एककात दिलेली असते. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्याला आणि मदत जवळ असेल तिथेच पुरते. १०० न्यूटनचे शांत, आडोशाच्या पाण्यासाठी असते, तर १५० न्यूटनचे जॅकेट बेशुद्ध माणसालाही साधारणपणे तोंड वर करून ठेवते. लहान मुलांसाठी वजनानुसार वेगळे जॅकेट घ्यावे. मोठ्यांचे जॅकेट पट्टे आवळून त्यांना घालू नये. जॅकेट घालून सगळे पट्टे लावल्यावर दुसऱ्या कोणाला तरी खांद्यांपाशी धरून ते वर ओढायला सांगावे. ते हनुवटीच्या वर कानांपर्यंत सरकले तर पाण्यातही तसेच सरकेल, म्हणजे माप चुकले आहे.

याशिवाय शिट्टी, पाणी उपसायला भांडे, एक जास्तीचे वल्हे, लांब दोरी, जलरोधक पिशवीत ठेवलेला फोन आणि कचऱ्यासाठी तोंड बांधता येणारी पिशवी एवढे सामान पुरे. प्यायचे पाणी स्वतःचे न्यावे. जलाशय पिण्याच्या पाण्याचा असला तरी त्यातले कच्चे पाणी पिण्यायोग्य नसते. दारू नेऊ नये.

पाचवी पायरी : धरण, सांडवा आणि पाणी उचलण्याची जागा

पाण्यात उतरण्यापूर्वी नकाशावर या तीन जागा शोधाव्यात आणि काठावरून प्रत्यक्ष ओळखून घ्याव्यात. पाणी उचलण्याचा मनोरा बहुधा धरणाजवळ किंवा काठापासून थोडा आत असतो आणि त्याला वेगवेगळ्या खोलीवर दारे असतात, म्हणजे ज्या थराचे पाणी चांगले असेल तिथून ते घेता येते. दारातून खेचले जाणारे पाणी वरून दिसत नाही, पृष्ठभाग अगदी शांत वाटतो. सांडव्याचे तर विशेष भान ठेवावे. पाणी त्यावरून पातळ थरात वाहत असले तरी होडी ओढली जाऊ शकते, आणि खालच्या बाजूला पाणी गोल फिरत राहून माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढते.

या जागांभोवती बोयांची (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांची) किंवा तरंगत्या दोरांची ओळ असते. ती ओळ कुठल्याही कारणाने ओलांडू नये, तिला होडी बांधू नये, आणि तिच्या आत अडकलेली टोपी किंवा वल्हे काढायलाही जाऊ नये. बोये वाऱ्याने सरकलेले किंवा तुटलेले असू शकतात, म्हणून ओळ दिसली नाही तरी नकाशातले अंतर पाळावे.

पातळीचा विचारही इथेच करावा. नैसर्गिक तळ्याची पातळी सावकाश बदलते, पण पाणीपुरवठ्याच्या जलाशयाची पातळी एका वर्षात कित्येक मीटर खालीवर होते. धरण बांधताना बुडालेल्या रस्त्यांचे भराव, दगडी कुंपणे, झाडांचे बुंधे पातळी उतरली की पृष्ठभागाच्या हातभर खाली येतात. मागच्या भेटीत मोकळी असलेली वाट या भेटीत मोकळी असेलच असे नाही. पातळी खाली गेल्यावर उघडा पडलेला काठ वरून वाळलेला आणि आत चिखल असलेला असतो. तिथे उतरून चालत जाण्याचा प्रयत्न करू नये, माणूस गुडघ्यापर्यंत रुततो.

सहावी पायरी : वारा आणि थंड पाणी

लांबट जलाशयात वारा लांबीच्या दिशेने वाहू लागला की लाटांना वाढायला पुरेशी जागा मिळते, आणि निघताना आरशासारखे असलेले पाणी थोड्याच वेळात खवळते. त्यामुळे जाताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमलेल्या अवस्थेत परतताना वारा मागून साथ देतो. ऊन वाढल्यावर वारा सुटतो असा ज्या भागाचा अनुभव आहे तिथे सकाळीच फेरी उरकावी. गडगडाट ऐकू आला की लगेच काठ गाठावा, आणि शेवटचा गडगडाट होऊन ३० मिनिटे झाल्याखेरीज पुन्हा पाण्यात जाऊ नये.

हवा उबदार असली तरी पाणी तसे असेलच असे नाही. खोल जलाशयात उन्हाळ्यात वरचा थर कोमट आणि त्याखालचे पाणी बरेच थंड असते, आणि वसंतात तर वरचे पाणीही गारठलेले असते. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडल्यास श्वास अनावर होतो आणि पहिल्या मिनिटातच माणूस पाणी ओढतो. अशा वेळी पोहायची धडपड न करता पाठीवर तरंगत श्वास ताब्यात आणावा. पुढची सुमारे १० मिनिटे हातपाय उपयोगी पडतात. त्या अवधीत होडीवर चढावे, किमान तिला घट्ट धरावे. उलटलेली होडी सोडून काठाकडे पोहत जाऊ नये. होडी तरंगत राहते, ती दुरून दिसते, आणि पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून घेत असल्याने जितके शरीर पाण्याबाहेर राहील तितके बरे.

सातवी पायरी : पाण्यावरची वागणूक

समुद्रावर टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांचे सूत्र अंतर्गत पाण्यावरही बहुतेक ठिकाणी चालते. दोन इंजिनच्या होड्या समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळावे. एकमेकींची वाट छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी आहे तिने थांबावे किंवा मागून जावे. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने समोरच्यापासून दूर राहावे. इंजिनची होडी शिडाच्या होडीला वाट देते. वल्ह्यांच्या होडीने आपल्याला वाट मिळेलच असे गृहीत धरू नये, कारण ती ठेंगणी असते आणि उन्हाच्या तिरिपीत दिसत नाही.

काठाजवळ वेग कमी ठेवावा. होडीमागे उठणाऱ्या लाटा काठाची माती खणून काढतात, पाणी गढूळ करतात आणि पाणपक्ष्यांची घरटी बुडवतात. गढूळपणा ही शुद्धीकरण केंद्राची मोठी डोकेदुखी असते, कारण मातीच्या कणांच्या आडोशाने जंतू निर्जंतुकीकरणातून निसटतात.

नैसर्गिक विधीसाठी काठावर परतून स्वच्छतागृहातच जावे. यात पाण्याची काळजी आहेच, शिवाय लहान होडीत त्यासाठी उभे राहताना तोल जाऊन बुडाल्याच्या घटनाही घडतात. मासेमारी करणाऱ्यांनी आमिषाच्या बादलीतले पाणी किंवा जिवंत आमिष जलाशयात ओतू नये, कारण ते मासे दुसऱ्या पाण्यातले असतात. गळाची तुटलेली दोरी गोळा करून परत न्यावी. शिसाची वजने टाळावीत; हंस ती गिळून मरत असल्याचे दिसल्यावर ब्रिटनमध्ये १९८७ पासून अशा बहुतेक लहान वजनांच्या विक्रीवर बंदी आहे. नांगर टाकायचा झाला तर तो नाळेकडून टाकावा, मागच्या बाजूने कधीच नाही, आणि जलवाहिनी गेली असेल त्या पट्ट्यात मुळीच टाकू नये.

पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय किंवा वाटाण्याच्या पिठल्यासारखा गढूळ थर दिसला तर तो नीलहरित शेवाळाचा असू शकतो. त्यातल्या काही जाती यकृताला अपायकारक विष तयार करतात. हात घालून पाहू नये, होडी वळवावी आणि जागा कळवावी. तेल सांडले तरीही तसेच करावे. थोडेसेच आहे म्हणून गप्प बसू नये आणि ते विरवण्यासाठी साबण ओतू नये. साबणाने तेल नाहीसे होत नाही, ते पाण्यात खोलवर मिसळते आणि मग वरून शोषून घेता येत नाही. सांडल्याची वेळ, ठिकाण आणि अंदाजे प्रमाण लगेच कळवले तर केंद्राला दुसऱ्या खोलीवरचे दार उघडून पाणी घेता येते.

परतताना

निघण्यापूर्वी कोणाला तरी जाण्याची जागा आणि परतीची वेळ सांगितलेली असावी, आणि धक्क्यावर नोंदवही असेल तर तीत परतल्याची नोंद करावी. ती राहिली तर काळोखात शोधपथक पाण्यावर उतरते. होडी बाहेर घेतल्यावर तिसरी पायरी पुन्हा पहिल्यापासून करावी, या वेळी आपण ज्या पाण्यातून आलो त्याचे काही पुढच्या पाण्यात जाऊ नये म्हणून. बुडाचे बूच वाहतुकीत उघडेच ठेवावे; अनेक ठिकाणी तसा कायदाही आहे. बूच मात्र होडीलाच दोरीने बांधून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी होडी उतरवण्यापूर्वी ते हाताशी सापडेल.